पाठीतल्या पाण्याची साक्ष

बाळाच्या टाळूवर तेल घालताना बोटांना जो मऊपणा लागतो, त्याच्या खालीच मेंदू असतो आणि त्याच्याभोवतीच्या आवरणांत नितळ पाणी खेळत असतं. त्या आवरणांत जंतू शिरले की आतला दाब वाढतो. मग बाळ रडत नसताना, उभं धरलेलं असतानाही टाळू फुगलेली, ताठ लागते. मोठ्या मुलाची मान आखडते, डोकं दुखतं हे ते सांगूही शकतं. तान्ह्या बाळाची मान मात्र पुष्कळदा आखडतच नाही. ते दूध ओढत नाही, मलूल पडतं, उचलून घेतलं की जास्तच किंचाळतं. कधी झटके येतात. नवजात बाळाला ताप येण्याऐवजी त्याचं अंग गार पडू शकतं. असं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. आवरणांचा हा आजार म्हणजे मेंदूज्वर, आणि तो काही तासांत हाताबाहेर जातो.

डॉक्टरांनी तपासणीसाठी पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदूभोवतीचंच ते पाणी, काढायचं म्हटलं की घरचे हादरतात. पाय लुळे पडले तर? ही भीती मनातून काढून टाकावी. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली सुई घालतात. तिथे पाण्यात फक्त सुट्या नसा असतात. जर्मनीत हाइनरिश क्विंके यांनी १८९१ साली मांडलेली ही रीत आजही तीच आहे. थोडेसे थेंब, पण केवढं बोलतात! मेंदूज्वरात पांढऱ्या पेशींच्या गर्दीनं पाणी गढूळलेलं असतं, त्यातली साखर उतरलेली असते, प्रथिनं वाढलेली असतात.

अहवाल येईपर्यंत थांबायचं नसतं. शिरेतून अँटिबायोटिक आधीच सुरू होतं. इथे मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट घडते. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत निरोगी असताना पेनिसिलिनला जेमतेम आत येऊ देते. सूज आली की तीच भिंत सैल होते आणि औषध आत पोचतं. पण मेलेल्या जंतूंचे तुकडे आणखी सूज भडकवतात, आणि ती आतल्या कानापर्यंत गेली तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. म्हणून हिब या जंतूच्या आजारात अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी किंवा त्याच्यासोबतच सूज आवरणारं डेक्सामेथासोन देतात. नवजात बाळांना ते देत नाहीत. बरं झालेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी मात्र व्हायलाच हवी.

हिबचा मेंदूज्वर म्हणजे जवळजवळ खात्रीचा मृत्यू, अशी एकेकाळी स्थिती होती. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये हॅटी अलेक्झांडर यांनी सशाच्या रक्तापासून केलेल्या सीरमनं अशी मुलं वाचवली. हा जंतू शर्करेचं कवच पांघरतो, आणि दोन वर्षांखालच्या मुलाचं शरीर नुसत्या शर्करेविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती उभी करू शकत नाही. म्हणून लस करताना शास्त्रज्ञांनी ती शर्करा एका प्रथिनाला जोडली, आणि तान्ह्याच्या शरीराला शत्रू दिसू लागला! आपल्याकडे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मिळणाऱ्या पेंटाव्हॅलेंट लसीत ही जोडलेली शर्करा असते.