ख्रिस्ताचे रक्त : वेदीपासून प्याल्यापर्यंत

रक्त हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी सहज येतो. रक्ताचे नाते, रक्ताचे पाणी करणे, रक्त आटविणे, रक्त सांडून मिळविलेले स्वातंत्र्य, असे आपण नेहमीच बोलतो. तरीसुद्धा एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या किंवा सहकाऱ्याच्या आग्रहाने गुड फ्रायडेच्या प्रार्थनेला गेलेला आपला गृहस्थ ख्रिस्ताच्या रक्ताने पाप धुऊन निघते असे ऐकतो, तेव्हा थोडा बिचकतो. रक्ताचा डाग पडतो. रक्ताने डाग जाईल कसा? आणि प्रेमाची शिकवण देणाऱ्या धर्मात रक्ताला एवढे स्थान कशासाठी? देवाला रक्त हवे असते काय?

हे प्रश्न रास्त आहेत. स्वतः ख्रिस्ती विचारवंतांनीही ते दोन हजार वर्षे विचारले आहेत. त्यांचे उत्तर समजून घ्यायचे तर आधी येशू ज्या समाजात जन्मला त्या यहुदी समाजाकडे जावे लागते.

रक्त म्हणजे जीव

यहुदी धर्मशास्त्रात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात, एक मूलभूत कल्पना सांगितली आहे. प्राण्याचा जीव त्याच्या रक्तात असतो आणि जीव देवाचा असतो. म्हणून रक्त खाण्यापिण्यास सक्त मनाई. आजही धर्मनिष्ठ यहुदी घरात मांस मीठ लावून, रक्त पूर्णपणे काढूनच शिजविले जाते. वेदीवर रक्त वाहायचे तेही याच कारणाने. मारण्याला तेथे महत्त्व नव्हते. जीव ज्याचा त्याला परत करणे हा त्यातील भाव होता. आपल्याकडे गावच्या जत्रेत बोकड देण्याची चाल अनेकांनी पाहिली आहे. त्यामागे देवतेला तृप्त करण्याची भावना असते. लेवीयातील कल्पना याहून निराळी आहे, हे ध्यानात ठेवावे.

या समाजाच्या इतिहासात रक्ताचे तीन प्रसंग ठळक आहेत. पहिला वल्हांडण सणाचा. इजिप्तच्या गुलामगिरीतून निघण्याच्या रात्री इस्राएल लोकांनी कोकरू मारून त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावले आणि त्या घरांना ओलांडून मृत्यू पुढे गेला. दुसरा प्रसंग सीनाय पर्वताच्या पायथ्याचा. मोशेने अर्धे रक्त वेदीवर आणि अर्धे लोकांवर शिंपडले व देव आणि लोक यांच्यातील करार पक्का केला. तिसरा प्रसंग दरवर्षीच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. त्या एका दिवशी मुख्य याजक मंदिराच्या परमपवित्रस्थानात रक्त घेऊन जात असे आणि दुसरा एक बकरा लोकांची पापे वाहून नेण्यासाठी रानात सोडला जात असे. योम किप्पूर म्हणतात तो हाच दिवस. कोकणातील आपले बेने इस्राएल बांधव तो दारे बंद करून, उपवास धरून पाळीत आले. यरुशलेमचे मंदिर रोमनांनी इसवी सन ७० मध्ये पाडले आणि यहुद्यांचे यज्ञ तेव्हापासून थांबले. उरली ती प्रार्थना, उपवास आणि दानधर्म.

शेवटच्या भोजनातील शब्द

वल्हांडणाच्या दिवसांतच, वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री, येशूने शिष्यांबरोबर भोजन केले. भाकर मोडून तो आपले शरीर असल्याचे त्याने सांगितले आणि द्राक्षारसाचा प्याला हा आपल्या रक्तातील नवा करार असल्याचे सांगितले. या प्रसंगाचा सर्वांत जुना लेखी वृत्तान्त शुभवर्तमानांत नाही. इसवी सन ५५ च्या सुमारास पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो आहे.

‘नवा करार’ हे आपल्याला बायबलच्या दुसऱ्या भागाचे नाव म्हणून ठाऊक असते. मुळात तो शब्द या प्याल्याशी जोडलेला आहे. आपल्यापैकी कित्येकजण नोकरीच्या करारावर घर सोडून परदेशी आले. त्या करारात दोन्ही बाजूंची कलमे असतात आणि एकाने कलम मोडले की दुसरा मोकळा होतो. ख्रिस्ती श्रद्धेतील नवा करार असा नाही. माणूस पुन्हा पुन्हा कलम मोडतो हे जाणूनच तो केलेला आहे आणि त्यावरची सही देवाने स्वतःच्या जिवाने केली, असे ख्रिस्ती मनुष्य मानतो. ‘ख्रिस्ताचे रक्त’ या शब्दांचा गाभा येथे आहे. रक्त म्हणजे दिलेला जीव. त्या द्रवात काही जादू आहे असे कोणी म्हणत नाही. वधस्तंभाचे वर्णन करताना चारही शुभवर्तमानकार रक्ताविषयी फारच थोडे बोलतात. योहान तेवढा भाल्याने कुशीत भोसकल्यावर रक्त व पाणी निघाल्याचे नमूद करतो.

नव्या करारातील इब्री लोकांस पत्र हा विचार पुढे नेते. बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पाप खरोखर जात नाही, म्हणून तर ते दरवर्षी वाहावे लागे. ख्रिस्ताने स्वतःलाच एकदा अर्पण केले. आता पुन्हा बळी नको. म्हणजे ज्या धर्मात रक्ताचे एवढे नाव घेतले जाते, त्या धर्माने रक्ताचे यज्ञ मात्र कायमचे बंद केले.

किंमत दिली ती कोणाला?

हे रक्त म्हणजे मुक्तीसाठी भरलेली खंडणी असे म्हटले, की पुढचा प्रश्न येतोच : खंडणी दिली कोणाला? आरंभीच्या काही आचार्यांनी उत्तर दिले, सैतानाला. कारण माणूस त्याच्या कैदेत होता. चौथ्या शतकातील नाझियान्झचा ग्रेगरी हे ऐकून संतापला. चोराला का खंडणी द्यायची, असा त्याचा सवाल. देवाला दिली म्हणावे, तर ज्याने अब्राहामाच्या हातून इसहाकाचा बळी घेतला नाही तो पिता स्वतःच्या पुत्राच्या रक्ताने कसा संतोषेल, हाही त्याचाच प्रश्न.

कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ मध्ये पुरा केलेल्या ग्रंथात वेगळी मांडणी केली. पापामुळे देवाच्या गौरवाचा भंग होतो. ते ऋण माणसाने फेडले पाहिजे, पण फेडण्याचे सामर्थ्य देवाजवळच आहे. म्हणून देव मनुष्य झाला. पुढच्याच पिढीतील पॅरिसचा आबेलार याला हा हिशेब रुचला नाही. ख्रिस्ताच्या मरणाने देवाचे मन बदलले नाही, तर माणसाचे बदलते. एवढे प्रेम पाहून माणसाच्या ठायी प्रेम जागे होते, असे त्याचे म्हणणे. सोळाव्या शतकातील सुधारकांनी अपराध्याची शिक्षा निरपराध्याने भोगली यावर भर दिला. स्वीडनच्या गुस्टाफ आउलेन याने १९३० मध्ये जुन्या आचार्यांचा आणखी एक सूर पुढे आणला : वधस्तंभ हा मृत्यू आणि दुष्टता यांवरील विजय होय.

यांपैकी एकच मत खरे असा ठराव संपूर्ण चर्चच्या कोणत्याही विश्वपरिषदेने केलेला नाही. श्रद्धा एक, तिचे उलगडे अनेक; हे आपल्याला नवे वाटू नये.

प्याल्यासाठी युद्ध

रोमन काळात ख्रिस्ती लोक गुपचूप जमून माणसाचे मांस खातात, रक्त पितात अशी आवई उठली होती. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी या रोमन सुभेदाराने चौकशी करून सम्राटाला कळविले की, यांचे जेवण साधे आणि निरुपद्रवी असते. टर्टुलियनने १९७ मध्ये उलट विचारले, आम्ही प्राण्यांचेसुद्धा रक्त खात नाही, मग माणसाचे कसे पिऊ?

पुढे भांडण घरातच लागले. प्याल्यातील द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचे रक्त होतो काय? कॅथलिक चर्च म्हणते, रूप आणि चव तीच राहते, तत्त्व पालटते. ऑर्थोडॉक्स चर्चही बदल मानते, पण त्याला गूढ म्हणून नमन करते. ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोघे सुधारक १५२९ साली मारबुर्ग येथे भेटले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर त्यांचे जमले, पण या एका मुद्द्यावर फाटले. ल्यूथर म्हणे, ख्रिस्त तेथे खरोखर असतो. झ्विंग्ली म्हणे, ते स्मरण आहे.

प्याला कोणी प्यायचा यावर तर युद्धच झाले. मध्ययुगात पश्चिमेकडे सामान्य भाविकाला फक्त भाकर मिळू लागली. प्याला धर्मगुरूंपुरता उरला. सांडण्याची भीती हे एक कारण, आणि भाकरीतही संपूर्ण ख्रिस्त असतोच ही शास्त्रीय समजूत हे दुसरे. १४१४ मध्ये प्राग शहरात काही धर्मगुरूंनी लोकांच्या हाती पुन्हा प्याला दिला. कॉन्स्टन्सच्या परिषदेने १४१५ च्या जूनमध्ये त्यास बंदी केली आणि ६ जुलै रोजी यान हुस या बोहेमियन उपदेशकाला पाखंडी ठरवून जिवंत जाळले. त्याच्या अनुयायांनी निशाणावर प्याल्याचे चित्र काढून तलवार उपसली. अनेक वर्षांच्या लढायांनंतर १४३६ मध्ये बोहेमियातील लोकांना प्याल्याचा हक्क मान्य झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये कॅथलिक भाविकांसाठी काही प्रसंगी प्याला मोकळा केला आणि १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला. पाचशे चौऱ्याऐंशी वर्षे लागली.

उलटा अर्थ

याहून काळे पान आहे ते यहुद्यांच्या छळाचे. मत्तयाच्या शुभवर्तमानात जमाव येशूच्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर आणि आपल्या मुलांवर घेतो, असे एक वाक्य आहे. त्यावरून पिढ्यान् पिढ्या सर्वच यहुद्यांना ख्रिस्ताचे मारेकरी ठरविण्यात आले. इंग्लंडमधील नॉरिच येथे ११४४ मध्ये एका मुलाचा मृत्यू झाला, त्यानंतर यहुदी ख्रिस्ती मुलांचे रक्त काढतात असा भयंकर आरोप युरोपभर पसरला. ज्यांच्या धर्मात कोंबडीचेही रक्त वर्ज्य, त्यांच्यावर हा आरोप! पोप इनोसंट चौथे यांनी १२४७ मध्ये तो खोटा म्हटला, तरी दंगे थांबले नाहीत. अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले की, येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही. अलिबाग-पेणकडे तेल गाळणाऱ्या ‘शनिवार तेल्यांना’, म्हणजे बेने इस्राएलांना, शेजाऱ्यांनी असा छळ कधी केला नाही, ही आपल्या कोकणाला भूषणावह गोष्ट होय.

एकाच प्याल्यातून

आपल्या देशात या प्याल्याची कसोटी वेगळीच लागली. मराठी माणसाला उष्टे म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. एका प्याल्याला ओळीने सर्वांनी ओठ लावायचे, तर जातीचे काय? तंजावरकडे काही उच्चवर्णीय ख्रिस्ती आधी पीत आणि इतर जातींचे मागून. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये चर्चमधून हा भेद निघालाच पाहिजे असा हुकूम काढला, तेव्हा पुष्कळांनी चर्च सोडले, पण मागाहून प्यायला ते तयार झाले नाहीत. नगरकडील अमेरिकन मराठी मिशनमध्येही ब्राह्मण, महार, मांग अशा कुळांतून आलेल्यांनी एकत्र प्रभुभोजन घेणे हीच खरी परीक्षा होती. रक्ताचे नाते जन्माने ठरते ही आपली पक्की समजूत. एकाच्या रक्ताने सगळे एकमेकांचे नातलग झाले, असे सांगणारा हा प्याला त्या समजुतीवरच घाव घालीत होता. ती परीक्षा सर्वत्र पूर्ण उतरली असे म्हणण्याचे धाडस ख्रिस्ती लोकही करणार नाहीत. दलित ख्रिश्चनांच्या तक्रारी आजही ऐकू येतात.

करिंथच्या मंडळीला पौलाने रागावून लिहिले ते याचसाठी. तेथे सधन लोक आधी येऊन पोटभर खात आणि गरीब उपाशी राहत. असे करणारे प्रभूच्या शरीराचा आणि रक्ताचा अपराध करतात, असे त्याने बजावले. म्हणजे पहिल्याच पिढीत या रक्ताचा अर्थ पंगतीत कोण उपाशी आहे यावरून तपासला गेला.

बायबलच्या आरंभी काईन आपल्या भावाचा, हाबेलाचा, खून करतो आणि हाबेलाचे रक्त जमिनीतून देवाकडे दाद मागते. इब्री लोकांस पत्राचा लेखक म्हणतो, ख्रिस्ताचे रक्त हाबेलाच्या रक्ताहून चांगले बोलते. पहिले न्याय मागते, दुसरे क्षमा देते. एकाचे रक्त सांडले म्हणून दुसऱ्याचे सांडायचे, ही माळ कुठेतरी तुटली पाहिजे. ती आपल्या प्रभूने स्वतःच्या जिवावर तोडली असे ख्रिस्ती बांधव मानतात. ही श्रद्धा आपली असो वा नसो, येत्या गुड फ्रायडेला शेजाऱ्याच्या तोंडून रक्ताचा उल्लेख आला, तर तो कशाविषयी बोलत आहे एवढे आपण जाणून असावे.