उहुराची खुर्ची

३० ऑगस्ट १९८३. फ्लॉरिडात रात्रीचे अडीच वाजले होते, पावसानं थोडी उघडीप दिली होती, आणि 'चॅलेंजर' अंधारात झेपावलं. रात्री उडालेलं ते पहिलं शटल. आपल्याकडे तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. यानाच्या पोटात आपला इन्सॅट-१बी होता आणि पाच जणांच्या चमूत गायन ब्लुफर्ड होता, अवकाशात गेलेला पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन. आधीचा इन्सॅट-१ए वर्षभरही टिकला नव्हता, त्यामुळे सगळी भिस्त या दुसऱ्यावर होती. तो सुखरूप सुटला, कामाला लागला आणि त्याच्या जोरावर दूरदर्शननं देशभर पाय पसरले. १९८४ च्या काही महिन्यांत तर दिवसाला एक प्रक्षेपण केंद्र उभं राहत होतं.

आणि त्या दूरदर्शननं रविवारी सकाळी काय दाखवलं? 'स्टार ट्रेक'.

या योगायोगानं मला वेड लावलं आहे. तो नीट समजायचा तर निशेल निकोल्स या बाईंची गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगायला मी एरवीही निमित्त शोधतच असतो.

आमचं गुडीहत्नूर हैदराबाद–नागपूर रस्त्यावरचं. हैदराबादेहून आदिलाबादच्या थोडं अलीकडे. इथूनच एक फाटा इंद्रवेल्ली, उटनूरकडे जातो. पाट्या तेलुगूत, बाजार मराठीत, रानात गोंडी, आणि मोंढ्यावर कापसाचा भाव हिंदीत. टीव्ही आमच्याकडे उशिरा आला. मी 'स्टार ट्रेक' पाहिलं ते सुटीत नागपूरला मामांकडे. इंग्रजी कळत नव्हतं. कॅप्टन कर्क काय बोलतो, टोकदार कानांचा स्पॉक त्यावर भुवई का उंचावतो, सगळं अंदाजानं. पण कॅप्टनच्या मागं, लाल गणवेशात, कानात चंदेरी यंत्र अडकवून एक काळी बाई बसलेली असायची. समोर दिव्यांच्या बटणांचा फलक. यानात येणारा-जाणारा प्रत्येक निरोप तिच्या हातून जायचा. ती लेफ्टनंट उहुरा. मामी म्हणाली, "ही आपल्यातली वाटते रे." मामी स्वतः सावळी होती आणि घरातल्या गोऱ्या जावांचं बरंच ऐकून घेत आली होती.

मालिका अमेरिकेत सुरू झाली ८ सप्टेंबर १९६६ ला. त्या काळात तिथल्या पडद्यावर काळ्या बाईच्या वाट्याला बहुतेक मोलकरणीचं काम यायचं. त्यात ही अधिकारी, तीही तेविसाव्या शतकात! उहुरा साकारणाऱ्या निकोल्स मूळच्या गायिका, ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर गायलेल्या. पण भूमिकेचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. उहुराला काम फार थोडं असायचं. संवाद कापले जायचे आणि उरायचं ते टेलिफोन ऑपरेटरचं काम. पहिल्या हंगामानंतर त्यांनी सोडून जायचं ठरवलं होतं.

पुढचा प्रसंग त्यांनी आयुष्यभर सांगितला. नागरी हक्कांच्या चळवळीसाठी निधी जमवण्याचा कार्यक्रम होता. कुणीतरी म्हणालं, तुमचा एक चाहता भेटायला आला आहे. वळून पाहतात तो मार्टिन ल्यूथर किंग. मुलांना जागून पाहू देतो अशी ही एकच मालिका आहे, असं ते म्हणाले. मी सोडते आहे, असं ऐकताच त्यांचा चेहरा बदलला. तुम्हाला सोडता येणार नाही, हे त्यांनी निक्षून सांगितलं. ही खुर्ची रिकामी झाली तर तिथं कुणालाही बसवतील, आज मात्र जग आपल्याला पहिल्यांदाच जसं पाहायला हवं तसं पाहतं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. निकोल्सनी राजीनामा मागं घेतला.

मला यात किंगसाहेबांची नजर थोर वाटते. भूमिका पोकळ आहे, हे त्यांना दिसत नसेल असं नाही. पण आधी जागा धरायची, काम मागून वाढवून घ्यायचं, हे चळवळीतल्या माणसाला कळतं.

निकोल्सनी काम वाढवलं ते पडद्याबाहेर. १९७७ मध्ये नासाला शटलसाठी नवे अंतराळवीर हवे होते. तोवरचे सगळे गोरे पुरुष. निकोल्सनी भरतीचं काम अंगावर घेतलं, देशभर फिरल्या, विद्यापीठांत बोलल्या. आठ हजारांवर अर्ज आले. जानेवारी १९७८ मध्ये पस्तीस जण निवडले गेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या आणि तीन काळे पुरुष: गायन ब्लुफर्ड, रॉन मॅकनेअर आणि फ्रेडरिक ग्रेगरी.

आता साखळी जुळवून पाहा. उहुरा झालेल्या बाईंनी भरतीसाठी पायपीट केली. त्या भरतीतला ब्लुफर्ड ज्या यानातून गेला, त्याच यानानं आपला उपग्रह वर नेला. आणि त्या उपग्रहाच्या बळावर पसरलेल्या दूरदर्शननं उहुरा आपल्या घरात आणली. अशी गोष्ट कुणी लिहून पाठवली असती, तर संपादकांनी 'फारच जुळवून आणलंय' म्हणून साभार परत केली असती.

मॅकनेअरबद्दल थोडं विषयांतर करतो. १९५९ साली, नऊ वर्षांचा असताना, दक्षिण कॅरोलायनातल्या लेक सिटीच्या ग्रंथालयात तो पुस्तकं घ्यायला गेला. ग्रंथालय गोऱ्यांचं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, पुस्तकं मिळणार नाहीत. पोरगं हटलं नाही, टेबलावर चढून बसलं. पोलीस आले, आई आली, शेवटी पुस्तकं मिळाली. तो पुढे एमआयटीतून भौतिकशास्त्राचा डॉक्टर झाला आणि २८ जानेवारी १९८६ ला 'चॅलेंजर'च्या स्फोटात गेला. त्या ग्रंथालयाच्या इमारतीला आज त्याचं नाव आहे. आपल्याकडे पाणवठ्यावर अडवलेल्या पोरांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ही वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

१९९२ मध्ये मे जेमिसन अवकाशात गेली, अशी पहिली काळी स्त्री. लहानपणी उहुरा पाहून तिनं हे मनात घेतलं होतं. कामाची पाळी सुरू करताना ती उहुराचंच ठरलेलं वाक्य म्हणायची. वर्षभरानं ती स्वतः 'स्टार ट्रेक'च्या नव्या मालिकेत छोट्या भूमिकेत दिसली, आणि त्या दिवशी सेटवर तिला भेटायला कोण आलं असेल, हे वाचकांनी ओळखलं असेलच.

बाकीचा इतिहास एका दमात सांगून टाकतो. 'स्टार वॉर्स' १९७७ चा. डार्थ व्हेडरचा आवाज जेम्स अर्ल जोन्स या काळ्या नटाचा, पण श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. १९८० च्या भागात बिली डी विल्यम्स आला. मग 'इंडिपेंडन्स डे'चा विल स्मिथ, 'मेट्रिक्स'चा लॉरेन्स फिशबर्न, २०१५ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये जॉन बोयेगा, 'डॉक्टर हू'मध्ये २०२३ ते २०२५ शुटी गाटवा. यादी लांबते आहे, ठीक आहे. माझी तक्रार वेगळी आहे. काळा माणूस बऱ्याचदा दुसऱ्याला वाचवायला मरतो. 'टर्मिनेटर २' मधला शास्त्रज्ञ डायसन आठवा. नाहीतर तो रंगवला जातो. झोई सल्डाना 'अवतार'मध्ये निळी, 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'मध्ये हिरवी. मायकेल डॉर्ननं 'स्टार ट्रेक'मधला परग्रहवासी वॉर्फ वर्षानुवर्षं साकारला, तोही कपाळावर रबराच्या घड्या चिकटवून. परग्रहवासी व्हायला चालतो, पण स्वतःच्या कातडीत भविष्यात जायला अडचण?

या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर दिलं ते 'स्टार ट्रेक' परिवारातल्याच 'डीप स्पेस नाइन' या मालिकेनं. अंतराळ स्थानकाचा प्रमुख सिस्को हा काळा, एकट्यानं मुलगा वाढवणारा बाप. फेब्रुवारी १९९८ मधल्या एका भागात त्याला दृष्टान्त होतो. तो १९५० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये बेनी रसेल नावाचा विज्ञानकथालेखक असतो आणि काळा नायक असलेल्या स्थानकाची गोष्ट लिहितो. एकदा मासिकाला लेखकांचं छायाचित्र छापायचं असतं. संपादक बेनीला आणि एका लेखिकेला सुचवतो, त्या दिवशी जरा उशिरापर्यंत झोपा. लेखक काळा आहे, लेखिका बाई आहे, हे वाचकांना कळायला नको. पुढं बेनीची कथा असलेला अख्खा अंक मालक नष्ट करायला लावतो. सिस्को झालेल्या एव्हरी ब्रुक्सनंच या भागाचं दिग्दर्शन केलं. शेवटाकडे बेनी कोसळतो तो प्रसंग मी जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा पाण्याला म्हणून उठून जातो.

इथं मला हमखास जयंत नारळीकर आठवतात. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. कारण उलटं: खऱ्या नावाचा दबदबा परीक्षकांवर पडू नये. कथेला पहिला नंबर मिळाला. एकानं नाव झाकलं ते मोठं होतं म्हणून. दुसऱ्याचा चेहरा झाकला तो काळा होता म्हणून. विज्ञानकथा कोण लिहितो याला महत्त्व नाही, असं म्हणणाऱ्यांपुढे मी ही दोन उदाहरणं ठेवतो.

मराठी माणसाचं या विषयाशी नातं याहून जुनं आहे. जुलै १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्यांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती. ड्युबॉइसनी त्याच महिन्यात उत्तर धाडलं. हा पत्रव्यवहार पुष्कळांना ठाऊक असतो. ड्युबॉइसनी १९२० साली एक विज्ञानकथा छापली होती, हे मात्र फार थोड्यांना. नाव 'द कॉमेट'. धूमकेतूच्या विषारी वायूनं न्यूयॉर्क मरून पडतं. बँकेच्या तळघरात कामाला धाडलेला काळा निरोप्या वाचतो आणि एक श्रीमंत गोरी तरुणी वाचते. माणसंच उरली नाहीत म्हटल्यावर वर्णही उरत नाही. पण शहराबाहेरची गोरी माणसं जिवंत असतात, तिचा बाप येतो आणि क्षणात सगळं पूर्ववत होतं. जात पुसायला जगबुडी लागते आणि जग परत आलं की जातही परत येते, असा हा खडा हिशेब शंभर वर्षांपूर्वीचा!

पुढं मिलिंद महाविद्यालयाचे म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्यांच्या साहित्याबद्दल इथं बोलू लागले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षापासून स्फूर्ती घेऊन. गंमत म्हणजे मार्व्हलच्या चित्रकथेतला ब्लॅक पँथर पक्षाच्याही आधीचा. तो आला १९६६ च्या जुलैत, पक्ष निघाला ऑक्टोबरात.

त्याच्यावरचा सिनेमा २०१८ मध्ये आला. मी हैदराबादला जाऊन पाहिला. जबारी टोळीचा म्होरक्या धबधब्याच्या कड्यावर राजाला आव्हान द्यायला येतो. त्यांचा देव वानररूपी. एका क्षणी त्याचे ओठ हलले आणि आवाजच गेला. प्रोजेक्टर बिघडला म्हणून मागून शिट्ट्या. मग कळलं, मूळ संवादात 'हनुमान' हा शब्द होता आणि आपल्या सेन्सॉरनं तो मुका केला होता. आफ्रिकेतल्या काल्पनिक राज्यानं आपला देव आदरानं घेतला आणि आपण तो कापला! आमच्या कुंतला धबधब्यावर गेलो की मला तो मुका ओठ आठवतो.

त्या सिनेमाच्या कपड्यांसाठी रूथ कार्टरना ऑस्कर मिळालं. मसाई, हिंबा, बासोथो अशा खऱ्या जमातींचं नेसणं-लेणं घेऊन त्यांनी उद्याचे पोशाख घडवले. गेल्या वर्षी दंडारीच्या दिवसांत फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. गोंड, सध्या इंजिनियरिंगला. दिवाळीत गुसाडी नाचायला गावी आलेला. अंगावर राख, कमरेला घुंगरं, आणि मोरपिसांचा तो भला थोरला टोप शेजारच्या बाकावर जपून ठेवलेला. मोबाइलवर त्यानं 'ब्लॅक पँथर' तेलुगूत पाहिला होता. म्हणाला, "गुरुजी, 'आरआरआर'मध्ये आमचा भीम दिसला. पण तो शंभर वर्षांपूर्वीचा. आम्ही पुढं कुठं दिसतच नाही."

मी गप्प बसलो, कारण पोरगं बरोबर होतं. जोडेघाटला १९४० मध्ये मारला गेलेला गोंड पुढारी कोमरम भीम पडद्यावर येतो तो जंगलात, भाल्यासह. 'कल्की २८९८ एडी'त भविष्य आहे, अश्वत्थामा आहे. त्या गर्दीत गोंड काही मला दिसला नाही. कनक राजूंना गुसाडीसाठी पद्मश्री मिळाली, आनंदच झाला, पण तीही वारसा म्हणून. आदिवासी म्हटलं की आपल्याला वारसाच आठवतो. गगनयानासाठी पहिले चार निवडले, चौघेही हवाई दलाचे वैमानिक; सुरुवात तशीच होणार. पुढं शास्त्रज्ञ, डॉक्टर लागतील. तेव्हा उटनूरच्या आश्रमशाळेतल्या पोरीला तो अर्ज आपल्यासाठी आहे असं वाटायला हवं असेल, तर तिनं त्याआधी तशी एखादी कुठंतरी पाहिलेली असावी लागते.

म्हणून मी दोघा-तिघा पोरांच्या मागं लागलो आहे: विज्ञानकथा लिहा आणि स्पर्धेला पाठवा. अटी तीन. आपला माणूस शेवटी मरता कामा नये, त्याला हिरवा-निळा रंगवायचं नाही, आणि यानात त्याच्या हाती खरं काम हवं. टपरीवर भेटलेल्या त्या इंजिनियरिंगवाल्यानं सुरुवात केली आहे. त्याची नायिका मंगळावर पाण्याचे साठे शोधते, वरिष्ठांशी हुज्जत घालते आणि घरच्यांशी गोंडीत बोलते. दुसऱ्याच पानावर त्यानं तिला प्रेमात पाडलं, ते मी खोडून परत दिलं. शेतातला कापूस वेचून झाला की पुढचं लिहितो म्हणालाय.