बसलेला आणि उभा

हुबळी-धारवाडात दर्शिनीत टोकन घेऊन उभ्याउभ्या डोसा खाणारा माणूस कुणालाच टिप देत नाही. तोच उडुपी हॉटेलात टेबलाशी बसला, की बडीशेपेच्या बशीत दहाची नोट ठेवून उठतो. डोसा तसाच, तव्यापाशी घाम गाळणाराही तसाच. तरी बक्षिसी मिळते ती माणीला, म्हणजे वाढणाऱ्या पोऱ्याला. दर्शिनीत सगळेच उभे असतात. उडुपी हॉटेलात एक बसून खातो, दुसरा उभा राहून वाढतो. माझ्या मते टिप ही या अवघडलेपणाची भरपाई आहे, चांगल्या सेवेची किंमत नव्हे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉर्ज फॉस्टर यांनी १९७२ मध्ये असंच काहीसं मांडलं होतं: खाणारा वाढणाऱ्याचा हेवा शमवतो, ‘तूही घोटभर घे’ म्हणतो. फ्रेंच आणि जर्मन भाषांत टिपेला असलेल्या शब्दांचा अर्थच ‘पिण्यासाठी’ असा आहे. आपलं ‘चहापाणी’ त्याच घरातलं. (सरकारी कचेरीत त्याचं पुढे काय झालं, तो विषय वेगळा.)

व्यवहारी माणूस म्हणेल, पुढच्या खेपेला नीट वाढावं म्हणून लोक पैसे ठेवतात. पण कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लोकांना विचारलं होतं, की १० डॉलरच्या बिलावर बहुतेक जण किती टिप ठेवत असतील. नेहमीच्या हॉटेलसाठी सरासरी उत्तर आलं १.२८ डॉलर, परगावच्या, पुन्हा पाय ठेवणार नाही अशा हॉटेलसाठी १.२७. कॉर्नेल विद्यापीठाच्या मायकेल लिन यांनाही सेवेचा दर्जा आणि टिपेची रक्कम यांचा संबंध आढळला तो अगदी क्षीण. हे आकडे तिकडचे, हा आक्षेप रास्त आहे; तिथे वेटरचं पोट बरंचसं टिपेवर चालतं आणि टक्केवारीही रूढ आहे. आपल्याकडे तसा दंडक नाही. बिल १८५, नोट दोनशेची, उरलेल्या पंधरातले दहा बशीत: एवढाच हिशेब. म्हणजे इथे तर सेवेचं मोजमाप आणखीच कमी.

याउलट सेवाशुल्क बिलात छापून आलं, की तोच माणूस हुज्जत घालतो. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते परस्पर लावायला मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. पैशांचा प्रश्न आहेच, पण छापील रकमेत देणाऱ्याचा हात दिसत नाही. यूपीआयने तर सुटे पैसेच काढून घेतले. १८५ म्हणजे नेमके १८५ जातात, आणि माणी बशी उचलतो तेव्हा गिऱ्हाईक मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं असतं.