गळक्या पटलाची ऊब

तपकिरी चरबी ही शरीरातली शेगडी आहे. नवजात बाळाच्या खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती ती असते. बाळाला मोठ्या माणसासारखे कुडकुडता येत नाही, त्याची ऊब तिथून येते. उंदीर, हॅमस्टर आणि हिवाळाभर झोपणारे प्राणी यांच्यातही ती भरपूर असते. झुरिकच्या कोनराड गेस्नरने १५५१ साली मार्मोट या प्राण्यात ती पाहिली आणि ती धड मेदही नाही, धड मांसही नाही, असे नोंदवले. तिचा रंग येतो तो पेशींत दाटीने भरलेल्या तंतुकणिकांमधल्या (मायटोकॉन्ड्रियांमधल्या) लोहयुक्त प्रथिनांमुळे.

तंतुकणिकेला दोन पटले असतात. महत्त्वाचे ते आतले. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन प्राणवायूकडे जाताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर या पटलातील प्रथिने प्रोटॉन बाहेर उपसतात. बाहेर साठलेले प्रोटॉन एका फिरत्या प्रथिनातून आत परततात आणि त्या ओघावर एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, तयार होते. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. पुढे कॉर्नवॉलमधला एक जुना वाडा दुरुस्त करून त्यांनी तिथेच प्रयोगशाळा थाटली, आणि १९७८ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या हिशेबात पटल जितके घट्ट तितके चांगले; गळक्या पटलातून परतणाऱ्या प्रोटॉनची ऊर्जा एटीपीऐवजी उष्णता होते. तपकिरी चरबीच्या तंतुकणिका मात्र प्राणवायू झपाट्याने संपवत आणि एटीपी जवळजवळ करतच नसत. पेशी फोडून त्या वेगळ्या काढताना पटल फाटत असावे, अशी शंका सुरुवातीला घेतली गेली. पटल फाटले नव्हते, हे सिद्ध करणारा प्रयोग या विषयातला सर्वांत देखणा म्हणावा लागेल. त्याला लागते ती एक परीक्षानळी, थोडे क्षार आणि प्रकाशाचा एक झोत.

पाण्यात तरंगणाऱ्या तंतुकणिकांमुळे नळीतले द्रावण ताकासारखे गढूळ दिसते. क्षार पटलातून आत शिरला, की त्याच्यामागून पाणी जाते, तंतुकणिका फुगतात आणि द्रावण निवळते. निवळण्याचा वेग हेच आयनांच्या वाहतुकीचे माप. द्रावणात पोटॅशियम ॲसिटेट घ्यायचे आणि व्हॅलिनोमायसिन टाकायचे. हे औषध फक्त पोटॅशियमला पटलातून वाट देते. ॲसिटेट आत जाते ते प्रोटॉन जोडून, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाच्या रूपात, आणि आत गेल्यावर तो प्रोटॉन सोडून देते. पोटॅशियमचा धनभार आणि हा प्रोटॉन दोन्ही आत अडकले, तर वाहतूक लगेच थांबते. प्रोटॉनला बाहेर पडायला वाट असेल, तरच फुगणे चालू राहते. यकृताच्या तंतुकणिका इथे अडखळतात. तपकिरी चरबीच्या भराभर फुगतात. नळीत ग्वानोसिन डायफॉस्फेट हे न्यूक्लिओटाइड चिमूटभर टाकले, की हे फुगणे आवरते. फाटलेले पटल असे बूच लावल्यासारखे बंद होत नाही. म्हणजे तिथे फट नसून दार होते, आणि त्याला कडीही होती. स्टॉकहोममध्ये ओलोव्ह लिंडबर्ग यांच्यासोबत डेव्हिड निकोल्स यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी अशा प्रयोगांतून हे दार शोधले.

कडी जिथे बसते ते प्रथिन त्याच दशकात सापडले. त्याचे वजन सुमारे ३२ हजार डाल्टन. आज त्याला यूसीपी-१ म्हणतात. १९८५ मध्ये त्याची रचनाक्रमवारी कळली, तेव्हा ते एटीपीची ने-आण करणाऱ्या वाहकाचे भावंड निघाले. २०२३ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा त्रिमित आकार आणि आत अडकलेले न्यूक्लिओटाइडचे बूच दोन्ही दिसले.

पेशीत न्यूक्लिओटाइड सदैव असल्याने हे दार एरवी बंदच असते. थंडी वाजली की मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन झिरपते, पेशीतली चरबी विघटित होते आणि सुटलेली मेदाम्ले दार उघडतात. ती नेमकी कशी उघडतात, यावर मात्र पंडितांत अजून वाद आहे. एका मते मेदाम्ल प्रोटॉन घेऊन स्वतःच पटल ओलांडते आणि प्रथिन त्याचा रिकामा ऋणभारित रेणू परत पाठवते. दुसऱ्या मते ते वाटेत बसून प्रोटॉन हातोहात पुढे देते. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील युरी किरिचोक यांच्या गटाने आतल्या पटलावर थेट विद्युतप्रवाह मोजला. लांब साखळीचे मेदाम्ल प्रथिनाला चिकटून राहते आणि हेलकावे घेत प्रोटॉन पोहोचवते, असा त्यांचा निष्कर्ष. पुरावा वजनदार असला, तरी वाद मिटलेला नाही.

इतर आयनांची कथा सर्वसाधारण तंतुकणिकेसारखीच. कॅल्शियम विद्युतभाराच्या ओढीने स्वतःच्या मार्गिकेतून आत येते आणि सोडियमच्या बदल्यात बाहेर जाते. फॉस्फेट प्रोटॉनसोबत शिरते.

प्रोटॉनची हीच गळती औषधाने घडवण्याचा प्रयत्नही झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल हाताळणारे कामगार घामाने निथळत, रोडावत, काही तापाने दगावत. १९३३ नंतर अमेरिकेत तेच वजन घटवण्यासाठी विकले गेले. मोतीबिंदू आणि मृत्यू वाढल्यावर १९३८ मध्ये त्याला तिथे बंदी झाली. हे रसायन शरीरातल्या सगळ्याच पेशींची पटले गळकी करते, आणि त्याला कडी नाही.

डुकरांकडे तर हे दारच नाही; त्यांच्या पूर्वजांत यूसीपी-१चे जनुक फार पूर्वीच निकामी झाले. त्यांची पिल्ले थंडीत कुडकुडूनच ऊब मिळवतात, आणि रानडुकरीण विण्याआधी गवतकाड्यांचे घरटे रचते.