पाळीतील असह्य दुखणे : कारणांचा शोध



गेल्या वर्षी आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी दाखला घेण्यासाठी कार्यालयात आली. बोलता बोलता तिने सांगितले की नववीत असताना ती दर महिन्याला दोन-तीन दिवस गैरहजर राहत असे, ते पाळीच्या वेळच्या पोटदुखीमुळे. त्या दुखण्याचे नाव तिला सात वर्षांनी डॉक्टरांकडून कळले : एंडोमेट्रिओसिस. तिच्या नावापुढे हजेरीपटात लाल शाई आम्हीच ओढली होती. आईला बोलावून समजही दिली होती. आई म्हणाली होती, "आमच्या घरात सगळ्यांनाच दुखतं, लग्नानंतर थांबेल." आम्हीही मान हलवली. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्या वर्गात हा धडा "घरी वाचा" म्हणून सोडून दिला जाई. ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून हा लेख.

गर्भाशयाच्या आत एक अस्तर असते. दर महिन्याला ते वाढते आणि पाळीतून बाहेर पडते. एंडोमेट्रिओसिसमध्ये याच अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यावर वाढतात. तेथे दाह होतो, व्रण पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात आणि दुखते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात प्रजननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के, म्हणजे १९ कोटी मुली व स्त्रियांना हा आजार आहे. हेच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूंत शिरले तर त्या आजाराला अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतात.

हे का होते? अमेरिकेतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये असे मांडले की पाळीचे काही रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात जाते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात. परंतु पुढे १९८४ च्या एका अभ्यासात दिसले की नलिका मोकळ्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांमध्ये असे उलटे रक्त जातेच. मग आजार दहातील एकीलाच का?

याचे उत्तर अनेक धाग्यांत आहे. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा या भरकटलेल्या पेशी साफ करण्यात कमी पडते. त्या पेशी स्वतःच इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करतात व त्यावर वाढतात, आणि वाढ आवरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनला नीट दाद देत नाहीत. शिवाय तेथे नव्या नसा फुटतात, म्हणून वेदना तीव्र होते. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांवरून या आजाराच्या धोक्याचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असल्याचे दिसते. म्हणजे "आमच्या घरात सगळ्यांनाच दुखतं" हे त्या माउलीचे वाक्य खरे तर डॉक्टरांना सांगण्यासारखी महत्त्वाची माहिती होती.

२०२३ मध्ये ६०,६७४ रुग्ण स्त्रियांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. धोक्याशी निगडित ४२ जागा त्यात सापडल्या. त्यांपैकी काहींचा संबंध अर्धशिशी व पाठदुखी यांच्याशीही आहे. मात्र या स्त्रिया युरोपीय व पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. आपल्या लेकीसुनांबद्दल हेच निष्कर्ष लागू पडतात का, हे इथेच तपासावे लागेल.

ते काम आपल्या जवळच, मुंबईत परळ येथे चालले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी संस्था तेथे १९७० पासून आहे. तेथील डॉ. राहुल गजभिये यांच्या नेतृत्वाखाली देशातील अनेक रुग्णालयांतून भारतीय स्त्रियांची लक्षणे व जनुके यांचा अभ्यास हाती घेण्यात आला.

कारण पूर्ण उलगडले नसल्याने आजार मुळापासून घालवणारे औषध अजून नाही. परंतु वेदनाशामके, संप्रेरकांची औषधे आणि गरज पडल्यास दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया यांनी त्रास पुष्कळ कमी होतो. लग्न किंवा बाळंतपण हा त्यावरचा उपाय नव्हे.

पालकांना विनंती अशी की पाळीत थोडे दुखणे सामान्य आहे. पण ज्या दुखण्याने शाळा बुडते, उलट्या होतात, गोळी घेऊनही मुलगी उठू शकत नाही, ते अंगावर काढू नये. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. सुरतेत नवी सिव्हिल व स्मीमेर या दोन्ही रुग्णालयांत हा विभाग आहे. सोनोग्राफी स्वच्छ आली तरी आजार नाही असे ठरत नाही, म्हणून दुखणे राहिले तर पुन्हा जावे. कोणत्या तारखांना किती दुखले हे मुलीने वहीत लिहून ठेवले तर डॉक्टरांना फार मदत होते.

मुलींनो, हे दुखणे सांगण्यात लाज नाही. मुलांनो, वर्गातील बहीण बाकावर डोके ठेवून बसली तर हसू नका.

येत्या जूनपासून अशा गैरहजेरीसाठी आईची किंवा वडिलांची एक चिठ्ठी पुरेशी राहील आणि बुडालेला पाठ शिक्षक पुन्हा घेतील. विश्वस्तांकडे आम्ही विश्रांतीच्या एका खोलीची मागणी केली आहे. त्यांनी ती मान्य करावी, ही नम्र विनंती.