मत्स्यालयातील दगड आणि आम्लपरीक्षेची मर्यादा

मत्स्यालयात ठेवलेला दगड हा केवळ शोभेचा पदार्थ नव्हे. पाण्याशी त्याची रासायनिक देवघेव अखंड चालू असते. म्हणून बाहेरून वेचून आणलेल्या दगडावर आम्लाचे थेंब टाकून पाहण्याचा प्रघात आहे. फसफसल्यास तो टाकावा, न फसफसल्यास घ्यावा, असा सर्वसाधारण समज दिसतो. पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील दगडांच्या बाबतीत मात्र हा समज अपुरा पडतो.

या भागातील प्रमुख खडक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला दख्खनचा काळा बेसाल्ट होय. त्यातील सिलिकेटे पाण्यात अत्यंत मंद गतीने विरघळतात. परंतु लाव्हा थिजताना वायूंमुळे राहिलेल्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, क्वार्ट्झ व कॅल्साइट ही खनिजे साचली. तिन्ही पांढरी दिसू शकतात. पैकी फसफसते ते कॅल्साइट. त्यामुळे सूर्या नदीच्या पात्रातील एकाच गोट्याच्या एका अंगावर थेंब निश्चल राहणे आणि दुसऱ्या अंगावर फसफसणे सहज संभवते. समुद्रकाठी शिंपल्यांच्या चुऱ्याने सांधला गेलेला, कोकणात ‘करळ’ म्हणून ओळखला जाणारा दगड तर चुनायुक्तच असतो.

चुनायुक्त दगडावर पाण्यातील कार्बन डायऑक्साइडची क्रिया होऊन विद्राव्य बायकार्बोनेट बनते. पाण्याची कठिणता व पीएच मूल्य वाढते. आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या माशांना असे पाणी मानवते. इतरांच्या बाबतीत खरा धोका अमोनियाचा असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानास पीएच ७ असता एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्के भाग विषारी, अनायनित रूपात असतो; पीएच ८ असता तो सुमारे ५.४ टक्के होतो. अमोनिया तेवढाच राहूनही विष नऊपट वाढते.

आम्लपरीक्षेसाठी सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल वापरावे. व्हिनेगर सौम्य असल्याने त्याचे बारीक बुडबुडे नजरेतून सुटतात. थेंब दगड फोडून मिळालेल्या ताज्या पृष्ठभागावर, पांढऱ्या ठिपक्यांवर आणि भुकटीवरही टाकावेत. परीक्षेत वापरलेला तुकडा मत्स्यालयात घालू नये.

यानंतर भिजवण-परीक्षा करावी. दोन सारख्या काचपात्रांत एकच पाणी घेऊन एकात घासून धुतलेला दगड ठेवावा व दुसरे तसेच ठेवावे. पाणी मुळातच कठीण असेल, तर त्यात कॅल्साइट फारसे विरघळत नाही व दोष झाकला जातो. यासाठी पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घेणे इष्ट. दगड व पाणी यांचे प्रमाण मत्स्यालयातील प्रमाणाहून कमी नसावे. चार आठवडे दर आठवड्यास पीएच व कठिणता मोजावी. उघड्या पाण्याचे पीएच दगडाविनाही बदलते. म्हणून दुसऱ्या पात्राशी तुलना केल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

या दोन्ही परीक्षांना जड धातू व सेंद्रिय रसायने ओळखता येत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण होते. सच्छिद्र दगड अशी द्रव्ये आत शोषून ठेवतो आणि सावकाश सोडतो. यास्तव कारखान्यांच्या नाल्याकाठचे दगड, धातूची मळी व गंजाच्या रेघा असलेले तुकडे परीक्षेपूर्वीच वर्ज्य करावेत. दगड कशाचा आहे हे आम्ल काही अंशी सांगते. तो कोठून आला, याची नोंद मात्र वेचणाऱ्यानेच ठेवावी लागते.