नरनाळ्याची वाट आणि शेरभर चारोळी

फज्रची नमाज अकोटातच अदा करून आम्ही चौदा जण दोन गाड्यांतून निघालो. हिवाळ्याचे दिवस होते. शेतांत पऱ्हाटी उभी होती आणि पोपटखेडच्या पुढे सातपुड्याची काळी रेघ हळूहळू मोठी होत होती. अकोटपासून नरनाळा वीसेक किलोमीटर. उरसाला, सहलीला, पाहुणे आले की त्यांना दाखवायला आम्ही तिथे कितीतरी वेळा गेलो आहोत. मात्र वाटाड्या सोबत घेऊन, पायी, सावकाश आणि कामाची गोष्ट बोलत कधी गेलो नव्हतो.

मोठ्या शहरांत समाजाचे किंवा निसर्गाचे भले करणारा धंदा उभारू पाहणाऱ्यांना चार दिवस रानात नेण्याची पद्धत आता रुळली आहे. फोन बंद, पाठीवर पिशवी, सोबत जाणकार मार्गदर्शक. त्याला पैसाही बराच पडतो. आपल्या तर उंबऱ्याशीच मेळघाट आहे, मग आपणच का जाऊ नये, असे आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी सुचवले. मंडळी जमली ती अशी: कापडी पिशव्या शिवणाऱ्या बचत गटाच्या दोन आपा, गांडूळखत विकणारा एक तरुण, पऱ्हाटीपासून जळणाच्या कांड्या करू पाहणारा एक इंजिनिअर, पानपिंपरीचा मळा असलेले आमचे शेजारी काका, सुक्यामेव्याचे दुकान चालवणारे एक भाई आणि बाकी आम्ही घरची माणसे, लहान-थोर.

शहानूरच्या फाटकावर नोंद झाली. आमचा वाटाड्या पंचविशीतला कोरकू मुलगा होता. त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "अत्तर कोनी लावलं हाये?" आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो, कारण निम्म्या जणांनी लावले होते. जुम्मा असो नसो, सवयच ती! रानात आपला वास आपल्या आधी पोचतो, म्हणून जनावर दिसत नाही, हे त्याने समजावले. मग बोलायचे हळू, पानही तोडायचे नाही, आग पेटवायची नाही, खाल्लेल्याचे कागद परत न्यायचे. आमच्या छोट्या मुलीने विचारले, वाघ आला तर? तो म्हणाला, "कूला मामा येत नाही, आपनच त्याच्या घरात आलो." कोरकूत वाघाला कूला म्हणतात, आणि नात्याने तो मामा.

हे घर मोठे आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ मध्ये जाहीर झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. नरनाळा अभयारण्य मात्र चिमुकले, जेमतेम बारा चौरस किलोमीटरचे. वाटेत साग, धावडा, सालई, मोह ओळखायला शिकलो. पानपिंपरीच्या काकांना आम्ही शेतकरी म्हणून मानतो, पण तेही बेहड्याच्या झाडाखाली उभे राहून त्याला बेहडा म्हणून ओळखू शकले नाहीत. नुसते फळच बाजारात पाहिलेले! शंभराहून अधिक वर्षे नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला, हे गुरुजींनी सांगितले. आम्हाला तो दिसला नाही. दिसले ते मोर, माकडे आणि ओल्या मातीत उमटलेला अस्वलाचा पंजा.

महाकाली दरवाजापाशी सगळेच थबकले. बहामनी सुलतान महमूद शाहच्या काळातला, १४८७ च्या सुमाराचा हा दरवाजा. पांढरट दगडात कमळे कोरलेली आणि त्याच दगडावर अरबी अक्षरांच्या ओळी. कमळ आणि आयत एका कमानीवर शेजारी शेजारी बसवताना त्या कारागिरांना काही अडचण वाटली नव्हती. आमच्या आपांनी ती नक्षी वहीत उतरवून घेतली, पिशव्यांवर भरतकामासाठी.

वर गेल्यावर खरी नवलाई पाण्याची. एवढ्या उंचीवर तळ्यांमागून तळी, दगडी टाकी, पावसाचे पाणी वळवून आणणाऱ्या पाटांच्या खुणा. आमचा तालुका डोंगराकडून पूर्णेकडे उतरत जातो तसा खारपाणपट्टा सुरू होतो, आणि तिथल्या खेड्यांना गोडे पाणी मिळते ते याच सातपुड्यातून आलेल्या वान नदीच्या धरणातून. डोंगरावरचे झाड आणि खारपाणपट्ट्यातल्या आईची घागर यांचा असा सरळ संबंध आहे. शक्कर तलावाजवळ हजरत बुऱ्हाणुद्दीन यांची दर्गाह आहे. लोक त्यांना बाघसवार वली म्हणतात, म्हणजे वाघावर स्वार होणारे. पिसाळलेले कुत्रे चावलेल्याने या तळ्यात स्नान करावे अशी जुनी समजूत आहे. वाचकहो, श्रद्धा आपल्या जागी, पण कुत्रे चावल्यास जखम साबणाने धुवून थेट दवाखाना गाठा आणि लसीचे सगळे डोस घ्या. यात हयगय नको.

जुहरची नमाज तळ्याकाठी झाली. वुजूसाठी प्रत्येकाने एकच लहान तांब्या वापरायचा असे ठरले, आणि तेवढ्यात भागतेही. वाहत्या नदीकाठीसुद्धा पाणी उधळू नये ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो, आणि घरी नळ वाहता ठेवून वुजू करतो.

भाकर-ठेचा खाताना धंद्याच्या गोष्टी निघाल्या. दुकानवाल्या भाईंची योजना तयारच होती. मेळघाटची चारोळी, मध, आवळा सुंदर डब्यांत भरून पुण्या-मुंबईला पाठवायचे, डब्यावर वाघाचे चित्र, नफ्यातला काही भाग सदका. ऐकायला छान वाटले. वाटाड्या इतका वेळ लांब बसून ऐकत होता. तो म्हणाला, "भाव कोन ठरवनार? तुमी का आमी?"

भाई गप्प झाले. मग मुलगा सांगू लागला. त्याच्या आजीच्या काळी शेरभर चारोळी देऊन मीठ घेत. त्याचे नातेवाईक जंगलातून उठवलेल्या गावांतले आहेत. बोरी, कोहा, कुंड ही गावे या शतकाच्या सुरुवातीला हलली, पुढे अनेक गावे अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूला आली. वाघाला मोकळी जागा मिळाली, हे खरे. पण मोह, तेंदू, चारोळीवर जगणारा माणूस सपाटीवर येऊन रोजमजूर झाला. सोयी मिळाल्या नाहीत म्हणून काही लोक परत जंगलात गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी भागात त्यांचा वनकर्मचारी आणि पोलिसांशी संघर्ष झाला, हे अकोटात कोणाला ठाऊक नाही? आम्ही तेव्हा बातमी वाचली आणि पान उलटले. तीच माणसे आपल्या शेतात कापूस वेचतात.

आम्हालाही एक गोष्ट आठवली, आणि ती सांगायलाच हवी. मागच्या वर्षी आठवडी बाजारात एका म्हाताऱ्या कोरकू बाईकडून आम्ही चारोळी घेतली होती. तिच्याकडे तराजू नव्हता, डबा होता. आम्ही तो डबा दाबून, वर शीग लावून भरून घेतला आणि भावही पाडला. घरी येऊन स्वस्तात मिळाल्याचे कौतुक केले, ईदच्या शीरखुर्म्यात ती घातली. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात अख्खी एक सूरह आहे, सूरह अल-मुतफ्फिफीन. ती आम्हाला पाठ आहे.

गुरुजींनी पायविहीरचे उदाहरण काढले. अमरावती जिल्ह्यातले, अचलपूरकडचे हे छोटे गाव. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये त्यांना सुमारे १९० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. उजाड झालेले रान त्यांनी राखले, झाडे लावली. 'खोज' संस्थेची साथ होती. त्यांची सीताफळे मुंबईपर्यंत गेली आणि २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा पुरस्कारही मिळाला. तिथे भाव गाव ठरवते. धारणी तालुक्यात लवाद्याला सुनील देशपांडे यांनी उभारलेले संपूर्ण बांबू केंद्र हेही तसेच, कारागीर तिथलेच. म्हणजे धंदा होतो, पण डबा कोणाच्या हातात आहे ते पाहावे लागते.

भाईंनी मुलाला विचारले, तुमच्या वस्तीतल्या बायांनी चारोळी फोडून, निवडून, स्वतः तोलून दिली तर? मुलगा म्हणाला, फोडायचे जाते हवे, आणि पैसे त्याच दिवशी. उधारी नको. गांडूळखतवाल्या तरुणाने ते वहीत लिहिले. वाघाचे चित्र मात्र त्यानेच नको म्हटले. "मामाचं नाव घेऊन इकाचं नाही."

उतरताना ऊन कलले होते. असरला खाली पोचलो. मुलांनी वाटेतला दुसऱ्यांनी टाकलेला कचराही गोळा केला होता, वेफर्सच्या पिशव्यांचे गाठोडेच झाले. पुढच्या महिन्यात वस्तीवर जायचे ठरले आहे. चारोळी हाती येते उन्हाळ्यात, तोवर सुरुवात आवळ्याने होईल. भाईंनी दुकानातला जुना तराजू काढून, वजने तपासून घ्यायला दिली आहेत. तराजू वस्तीवरच राहणार आहे. त्या म्हाताऱ्या बाईला आम्ही दोन बाजार शोधले, अजून दिसली नाही.